सहा ते सात

सकाळी सहा ते सात मी घरातून हलत नाही. दूध संपलं तरी नाही, कचऱ्याची गाडी खाली येऊन उभी राहिली तरी नाही. समोरच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की सासूबाईंनी मला कोंडून ठेवलंय. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलंही, "काही त्रास आहे का गं तुला? मोकळेपणी सांग हो."

त्रास होता, पण सासूबाईंचा नव्हता.

मी आठशे मीटर धावते. मैदानाचे दोन फेरे. सलग पाच वर्षं देशात पहिली आले आणि त्यामुळे माझं नाव एका यादीत आहे. उत्तेजक औषधं घेतली आहेत का हे बघायला तपासणीवाले ज्यांच्याकडे कधीही, न कळवता येऊ शकतात, त्यांची ती यादी. दर तीन महिन्यांनी मी पुढच्या नव्वद दिवसांचा पत्ता भरून देते. कुठे झोपणार, कुठे सराव करणार, आणि रोजचा एक तास, ज्यात मी सांगितलेल्या जागी सापडलंच पाहिजे. तास आपणच निवडायचा, पण एकदा तो सुरू झाला की बदलता येत नाही. बारा महिन्यांत तीनदा सापडलं नाही, तर औषध घेतल्यासारखीच बंदी. दोन वर्षं.

सासूबाई त्यांना "तुझे लघवीवाले" म्हणतात. "आज लघवीवाले येणार असतील तर चहा जास्त टाकू का?"

माझं वय एकतीस. आणि माझ्या दोन चुका भरल्या होत्या.

पहिल्या वेळी मी घरात होते. हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. टिंगी, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा दोन महिन्यांची होती आणि दाराच्या घंटेने दचकून उठायची. माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. वायर दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याने मला न सांगता घंटेची वायर काढून ठेवली. बाळाची झोप मोडू नये म्हणून. प्रेमानेच. तपासणीवाले आले, मेलेलं बटण दाबत राहिले, दार ठोठावलं. मी मागच्या खोलीत टिंगीला पाजत होते, बाथरूममध्ये वॉशिंग मशीन घरघरत होतं, फोन गप्प करून ठेवला होता. ते तासभर उभे राहिले आणि गेले. मी कळवलं, मी घरातच होते. उत्तर आलं, घरात असणं पुरेसं नाही, सापडणं आवश्यक आहे.

दुसऱ्या वेळी मी चार दिवस माहेरी गेले होते. फोनवर आईचा पत्ता नीट टाइप केला, अगदी मजल्यासकट, आणि टिंगी रडली म्हणून शेवटचं बटण दाबायचं राहिलं. पत्ता माझ्या फोनमध्येच बसून राहिला आणि ते सासरच्या दारात.

बाळंतपणाआधीच निवृत्ती कळवून टाकली असती तर नाव यादीतून निघालं असतं. पण मग परत यायचं तर सहा महिने आधी पुन्हा यादीत शिरावं लागतं. सर म्हणाले होते, "घाई, नाव काढू नकोस. दार एकदा लावलं की उघडायला दुप्पट जोर लागतो."

सर म्हणजे माझे प्रशिक्षक. तेराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर मी पहिला फेरा अशी सुटले होते की बाकीच्या मुली बघत राहिल्या, आणि दुसऱ्या फेऱ्यात त्या सगळ्या एकेक करून मला मागे टाकून गेल्या, हसत हसत. मी शेवटची आले. सर कुंपणाशी उभे होते. म्हणाले, "काय गं, घरी दूध उतू जातंय का?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी घाई. पुढची दोन वर्षं त्यांनी मला धावायला कमी आणि वेळ ओळखायला जास्त शिकवलं. डोळे मिटून उभं राहायचं, शिट्टी वाजली की मनात मोजायचं, तीस सेकंद झाले की हात वर. आधी मी बाविसाव्या सेकंदालाच हात वर करायचे. हळूहळू तीसवर आले. मग सत्तर, मग एकशेवीस. आता माझं मोजणं सेकंदा-दोन सेकंदांपलीकडे चुकत नाही. बाकी सगळ्यात चुकतं.

तर पहिल्या चुकीला सतरा तारखेला वर्ष होणार होतं. वर्ष झालं की ती मोजत नाहीत. ज्या सकाळबद्दल सांगतेय, त्या दिवशी आठ तारीख होती. राहिले नऊ दिवस. महिनाअखेरीला निवड चाचणी होती, बाळंतपणानंतरची माझी पहिली मोठी शर्यत. मी कॅलेंडरवर फुल्या मारायचं टाळत होते, पण रोज सकाळी सात वाजून एक मिनिटाला माझ्या तोंडून मोठा श्वास सुटायचा आणि नवरा चहाच्या कपामागून म्हणायचा, "चला, एक गेला."

टिंगी चौदा महिन्यांची झाली होती. आदल्या संध्याकाळपासून तिला ताप होता. औषध दिलं, उतरला, पहाटे पुन्हा चढला. सहा वाजता मी नेहमीप्रमाणे घंटा नीट वाजते ना बघितलं, फोनचा आवाज वाढवला आणि तिला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसले. सहा वाजून बारा मिनिटांनी तिचे डोळे वर गेले.

आधी मला वाटलं झोप येतेय. मग तिचे हात ताठ झाले, मुठी आवळल्या, अंग झटके देऊ लागलं. ओठ निळसर. मी किंचाळले असणार, कारण दोघंही धावत आले. नवरा तिच्या नावाने ओरडत राहिला. सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेऊन सतरंजीवर कुशीवर आडवी केली. "तोंडात काही घालू नका. कुणी काही घालू नका."

मी काय करत होते? मी मोजत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. आत आपोआप चालू झालं होतं. सत्तराव्या सेकंदाला ती सैल पडली, एक लांब श्वास घेतला आणि बारीक कण्हली.

नवऱ्याने तिला चादरीत गुंडाळलं, गाडीची किल्ली घेतली. "चल!"

मी उठले. दारापर्यंत गेले. घड्याळात सव्वासहा. पाय उंबऱ्याशी थांबले.

"अगं चल ना!"

सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात लोकांना 'लाइनवर थांबा' सांगण्यात काढली आहेत. त्याच आवाजात म्हणाल्या, "तू थांब. मी आहे."

आणि मी थांबले. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. कुणीतरी माझ्या वतीने ठरवलं होतं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ते हायसं वाटणं तिथल्या तिथे विरलं.

घरात मी एकटी. सतरंजीवर तिचा एक मोजा पडला होता. तो उचलला, खिशात ठेवला, परत काढला. सहा अठरा. नवऱ्याला फोन केला, उचलला नाही. सासूबाईंचा फोन स्वयंपाकघरातच वाजला. सहा बावीस. माझ्या मनात आलं, घंटा पुन्हा बिघडली असेल तर? ते येऊन गेले असतील तर? मी बाहेर जाऊन बटण दाबलं. समोरच्या काकूंनी लगेच दार उघडलं.

"कोण आलं गं?"

"कुणी नाही. मीच वाजवली."

"स्वतःच्याच घराची?"

"हो."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दार अर्धवट लोटून घेतलं.

मी दरवाज्यासमोर खुर्ची ठेवून बसले. शर्यतीआधी धावणाऱ्यांना बसवून ठेवतात त्या कॉलरूममध्ये अशाच खुर्च्या असतात आणि तिथे प्रत्येकीला वाटतं की आता उलटी होणार. पण तिथे निदान पुढे धावायचं असतं. इथे बसणं हीच शर्यत होती, आणि ती मी कुणाविरुद्ध बसले होते? माझी मुलगी मला न घेता दवाखान्यात गेली होती आणि मी दोन अनोळखी माणसांची वाट बघत होते, ज्यांनी यावं असंही मला वाटत नव्हतं आणि येऊ नये असंही.

सहा एकतीसला फोन वाजला. नवरा.

"डॉक्टर विचारतायत झटका किती वेळ होता. मी पाच मिनिटं सांगितलं."

"पाच? वेडा आहेस का?"

"मला तेवढंच वाटलं! आई म्हणतेय तीन."

"सत्तर सेकंद. त्यांना दे फोन."

डॉक्टरांचा आवाज तरुण होता, दमलेला. "सत्तर? घड्याळ लावलं होतं तुम्ही?"

"नाही. पण सत्तरच. एखाद-दुसरा सेकंद इकडेतिकडे."

"नक्की? पाच मिनिटांच्या वर असेल तर मला वेगळं पाऊल उचलावं लागेल. पाठीतून पाणी काढून तपासायचं म्हणत होतो."

"नक्की."

"बरं. मग आधी ताप उतरवू आणि बघू." मागे टिंगी घोगऱ्या आवाजात रडत होती. मग ते सहज म्हणाले, प्रत्येक आईला म्हणत असतील तसं, "तुम्ही येताय ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. मी काही ठरवलं नाही, काही ताडून बघितलं नाही. हो म्हटलं आणि सहा तेहतीसला दाराला कुलूप लावलं. दवाखाना दीड किलोमीटरवर आहे. घरातल्या चपला घालून मी पळत सुटले, आणि पहिले चारशे मीटर असे गेले की पुढे पोटात कळ आली आणि दुधाच्या दुकानापाशी कंबर धरून चालावं लागलं. देशातली पहिली.

टिंगी सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती. कपाळावर ओला रुमाल, तोंड किंचित उघडं. श्वास बरोबर.

"कशाला आलीस?" सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. "सात वाजले?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी घरी आलो. साधा तापाचा झटका, या वयात होतो, पुन्हाही होऊ शकतो, घाबरायचं नाही, असं सांगून डॉक्टरांनी सोडलं. कुलूप काढत होते तेव्हा काकू बाहेर आल्या.

"अगं, ते दोघं आले होते. बॅगवाले. पावणेसातला."

मी किल्ली तशीच धरून उभी राहिले.

"मी सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या, मला मदत केल्याच्या समाधानात, "म्हटलं आत्ताच तर होती, घंटा वाजवून बघत होती. जाते कुठे! त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं."

पत्र तीन दिवसांनी आलं. तिसरी चूक नोंदवण्याआधी तुमचं म्हणणं मांडा. अनुपस्थिती तुमच्या हाताबाहेरची होती का? कागद जोडा.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, वेळ सहा बावीस, वडील व आजीने आणले. आईचा उल्लेख नव्हता. नवरा तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेला आणि उड्या मारत परत आला.

"ते नवीन पत्र देतायत. आईवडिलांनी मिळून आणलं, असं लिहितो म्हणाले. एवढ्या गर्दीत कोण कधी आलं कुणाच्या लक्षात राहतं, म्हणाले. चांगला माणूस आहे."

"पण मी नव्हते."

"होतीस ना. नंतर."

"काकूंनी सांगितलंय त्यांना मी घरी होते म्हणून."

"काकू! त्यांची साक्ष कोण काढतंय? एक ओळ आहे गं. एका ओळीसाठी दोन वर्षं घालवणार?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "मी सांगेन, हीच पुढे होती. मला कोण खोटं ठरवतो बघू."

मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी नाही सांगणार, घाई. मी सांगितलं तर तू तेच करशील."

दोन दिवस मी त्या पत्राचा विचार केला. सज्जन होते म्हणून नाही. मला भीती वाटत होती. खोटं पकडलं गेलं तर काय, ही भीती होतीच. पण दुसरी एक होती. सव्वासहा ते सहा तेहतीस, अठरा मिनिटं मी त्या खुर्चीवर बसले होते. ती कागदावरून पुसली की सगळे म्हणणार, तू तर पहिल्यापासून तिच्याबरोबर होतीस. नवरा म्हणेल, सासूबाई म्हणतील, काही वर्षांनी टिंगीही म्हणेल. आणि मीही म्हणू लागेन. मला स्वतःचा तेवढा भरवसा नव्हता.

मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, वेळा जशा होत्या तशाच लिहा. कोण किती वाजता आलं, फोनवर मी काय सांगितलं, सगळं. ते थोडे दुखावले. "तुमच्या भल्यासाठीच म्हणत होतो," म्हणाले, आणि लिहून दिलं. त्या संध्याकाळी नवरा माझ्याशी बोलला नाही. जेवताना फक्त म्हणाला, "मीठ." ते त्याच्या समोरच होतं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता, कारण तेवढ्याच कोपऱ्यात नेटवर्क येतं. समोर समितीतले तिघं. मधले निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एके काळी लांब उडी मारणाऱ्या एक बाई.

"तुम्ही सहा पंधराला मुलीबरोबर गेला नाहीत," न्यायाधीश म्हणाले. "का?"

"तुमच्या भीतीने."

उडीवाल्या बाईंनी मान खाली घातली.

"मग सहा तेहतीसला भीती गेली?"

"नाही. डॉक्टरांनी विचारलं, येताय ना. मी हो म्हटलं."

"तुम्ही पोचलात तेव्हा मुलगी कशी होती?"

"झोपली होती. आजीच्या खांद्यावर."

"म्हणजे तुमची तिथे गरज नव्हती."

शेजारच्या खोलीत टिंगी वाटी आपटत होती. मी ऐकत होते, आपटण्याचा आवाज थांबला तर उठून जायचं ठरवून.

"मला घरात बसून ते माहीत नव्हतं," मी म्हटलं.

समितीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "या पत्रात आहे की वडिलांनी पाच मिनिटं सांगितली आणि तुम्ही सत्तर सेकंद. त्यावरून पाठीची तपासणी टळली. सत्तर कसे कळले तुम्हाला?"

"मी आठशे मीटर धावते."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निर्णय कळवू म्हणाले. पडदा काळा झाला आणि त्यात इस्त्रीच्या टेबलामागे बसलेली मी दिसले. केस विंचरायचे राहून गेले होते.

पुढचे आठ दिवस मी रोज सहा ते सात दाराशी बसले. चाचणीला नाव द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती. सर काही विचारत नव्हते, फक्त घड्याळ धरत होते. पण माझं आतलं मोजणं बिघडलं होतं. तीस सेकंदांत जायचे दोनशे मीटर मी अठ्ठाविसात जायचे आणि मला बत्तीस वाटायचे. "दूध," सर ओरडायचे कुंपणाशी उभे राहून. "दूध उतू जातंय!" मी हसायचे आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. टिंगी खोकली तरी मी मोजायला लागायचे.

गुरुवारी दुपारी निर्णय आला. माझे हात साबणाचे होते म्हणून नवऱ्याने मोठ्याने वाचायला घेतला. कलम अमुक, उपकलम तमुक, उभय बाजूंचे म्हणणे विचारात घेता.

"मुद्द्याचं वाच," सासूबाई म्हणाल्या. "लाइन कट व्हायच्या आत."

"थांब गं आई... 'खेळाडूने आपल्या वर्तनाची वेळ स्वतःविरुद्ध जात असतानाही अचूक दिली... परिस्थिती पाहता आईची उपस्थिती वाजवी अर्थाने आवश्यक होती... सदर अनुपस्थितीची नोंद धरली जाणार नाही.'" त्याने मान वर केली. "धरली जाणार नाही. नाही!"

मी फरशीवर बसले. सतरा तारीख उलटून गेली होती, पहिली चूक पुसली गेली होती. आता नावावर एकच उरली. मी धावू शकत होते.

टिंगी भिंतीला धरून उभी होती. ती निघाली, हात पसरून, डुलत डुलत, सरळ माझ्या दिशेने. मी ओले हात पुढे केले. ती माझ्या बाजूने गेली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहिली.

मग सासूबाई तिला उचलून घेत म्हणाल्या, "हिला कुणीतरी वाचून दाखवा रे तो कागद."

आम्ही तिघंही हसलो. नवरा तर डोळे पुसेपर्यंत. मी पुन्हा हात पुढे केले, आणि टिंगीने आजीच्या खांद्यावरून मान हलवली. नाही.

सराव चार वाजता होता. मी बूट घातले, पिशवी घेतली, तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. खाली उतरले, पहिल्या मजल्यापर्यंत गेले, परत वर आले आणि पुन्हा एकदा लावून बघितला.